दारातले दोन प्रश्न

अमेरिकेत एखाद्या हॉटेलच्या दारात कुणी कुत्रा घेऊन आलं आणि हा कुत्रा कशासाठी आहे हे पाहून कळत नसेल, तर दारावरच्या माणसाला कायद्याने फक्त दोन प्रश्न विचारता येतात. तुमच्या अपंगत्वामुळे हा कुत्रा तुम्हाला लागतो का? आणि कोणतं काम करायला तो शिकलेला आहे? बस, एवढंच. तुम्हाला काय झालंय, हे विचारायचं नाही. कागद मागायचा नाही. ‘काय करतो ते करून दाखवा’ असंही म्हणायचं नाही. शेजारच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाला कुत्र्याची भीती वाटते, कुणाला केसांची ॲलर्जी आहे, म्हणून त्या दोघांना बाहेर काढता येत नाही. पाळीव प्राण्यांसाठी जादा पैसे घ्यायची तिथली पद्धत असली तरी या कुत्र्यासाठी एक सेंटही घेता येत नाही. कुत्रा आवरेनासा झाला किंवा त्याने तिथेच घाण केली, तरच त्याला बाहेर न्यायला सांगता येतं, आणि तेव्हाही माणसाला आत बसून जेवायची मुभा द्यावी लागते.

ऐकायला हे प्रश्न साधे आहेत. पण त्यांतल्या ‘शिकलेला’ आणि ‘काम’ या दोन शब्दांपाशी पोचायला अमेरिकेला ऐंशी वर्षं लागली. दरम्यान कुत्र्यांना नावं पडत गेली: गाइड डॉग, हिअरिंग डॉग, सर्व्हिस डॉग, असिस्टन्स डॉग, थेरपी डॉग, इमोशनल सपोर्ट ॲनिमल. आपल्याकडे ही नावं गेल्या काही वर्षांत वेबमालिकांतून आणि परदेशातल्या भाच्या-पुतण्यांच्या बोलण्यातून आली. अंगात जाकीट घातलेला शहाणा कुत्रा दिसला की आपण यांतलं कुठलंही नाव त्याला लावून मोकळे होतो. ज्याच्या हातात त्या कुत्र्याचा पट्टा आहे, त्याच्यासमोर मात्र चुकीच्या नावामुळे दार बंद होतं. हॉटेलच्या दाराला एक नाव चालतं, विमानाच्या दाराला तेच लागतं पण वर कागदही लागतो, भाड्याच्या घराला दुसरं नाव पुरतं आणि रुग्णालयाच्या वॉर्डात तिसऱ्याच नावाने बोलावणं येतं.

*

पहिल्या महायुद्धातून डोळे गमावून परतलेल्या जर्मन सैनिकांसाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ साली ओल्डेनबुर्ग या गावी कुत्र्यांची शाळा काढली. अंध माणसाने कुत्र्याच्या सोबतीने चालणं जगाला नवीन नव्हतं. व्हिएन्नाच्या योहान विल्हेल्म क्लाइन यांनी तर १८१९ सालीच अंधांच्या शिक्षणावरच्या आपल्या पुस्तकात कुत्रा कसा शिकवावा हे लिहून ठेवलं होतं. पण शाळा काढून, एकाच पद्धतीने कुत्रे शिकवून ते माणसांच्या हाती सोपवण्याचं काम युद्धाने सुरू केलं.

डोरथी हॅरिसन यूस्टिस ही फिलाडेल्फियाची श्रीमंत बाई तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये राहत होती. व्हेवे गावाच्या वरच्या डोंगरावर ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’ या आपल्या जागेत ती जर्मन शेपर्ड जातीची कुत्री वाढवायची आणि पोलीस-लष्करासाठी शिकवून द्यायची. जर्मनीतली अंधांच्या कुत्र्यांची शाळा पाहून ती थक्क झाली. तिने ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात लेख लिहिला. ५ नोव्हेंबर १९२७ च्या अंकात तो आला. लेखाचं नाव होतं ‘द सीइंग आय’.

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात एका बापाने हा लेख आपल्या मुलाला वाचून दाखवला. मुलाचं नाव मॉरिस फ्रँक. सहाव्या वर्षी त्याचा एक डोळा गेला होता आणि सोळाव्या वर्षी बॉक्सिंग खेळताना दुसरा. तो विमा विकायचा आणि दारोदार फिरण्यासाठी हात धरायला पगारी मुलगा ठेवायचा. त्याने यूस्टिसबाईंना पत्र लिहिलं: मला असा कुत्रा द्या, मी परत येऊन माझ्यासारख्या इतरांनाही शिकवेन.

तो स्वित्झर्लंडला कसा गेला ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोचते. एकटा अंध तरुण समुद्र ओलांडणार म्हटल्यावर त्याला अमेरिकन एक्स्प्रेसच्या हवाली केलं गेलं, पार्सल म्हणून. बोटीवर त्याला दुसऱ्याच्या मर्जीने फिरवून आणत आणि मग खोलीत घालून दार बाहेरून लावून घेत. परतताना त्याच्या डाव्या हाताशी बडी होती. जर्मन शेपर्ड मादी, मूळ नाव किस. इतक्या लोकांत ‘किस, किस’ अशी हाक कशी मारायची म्हणून फ्रँकने तिचं नाव बदललं होतं. जून १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर बातमीदारांनी त्याला आव्हान दिलं, समोरचा वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव. तो रस्ता म्हणजे ट्रक आणि घोडागाड्यांचा लोंढा. बडी थांबली, पुढे झाली, मागे सरली, पुन्हा पुढे झाली. फ्रँकला आजूबाजूला काय चाललंय याचा पत्ता नव्हता. त्याने फक्त बडीच्या अंगावरच्या साजाची मूठ धरून ठेवली होती. पलीकडे पोचल्यावर त्याने यूस्टिसबाईंना तार केली. तारेत एकच शब्द होता: यश.

जानेवारी १९२९ मध्ये नॅशव्हिललाच संस्था नोंदवली गेली आणि लेखाचंच नाव तिला दिलं गेलं: द सीइंग आय. पुढे ती न्यू जर्सीला गेली आणि आता मॉरिसटाउनला आहे. तिचं नाव इतकं रुळलं की आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत तसं अमेरिकेत कुठल्याही अंध माणसाच्या कुत्र्याला ‘सीइंग आय डॉग’ म्हणू लागले. वास्तविक हे त्या एका संस्थेचं नोंदलेलं नाव आहे. तिथून शिकून निघालेल्या कुत्र्यालाच ते लागतं. बाकी सगळे गाइड डॉग.

फ्रँक जन्मभर बडीला घेऊन देशभर फिरला. पहिली बडी गेल्यावर आलेल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव त्याने बडीच ठेवलं. आगगाड्यांत कुत्र्याला सामानाच्या डब्यात टाकायचा नियम होता. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या सर्व रेल्वे कंपन्यांनी अंध माणसाच्या कुत्र्याला त्याच्यापाशीच राहू द्यायचं मान्य केलं. १९५६ पर्यंत प्रत्येक राज्यात सार्वजनिक जागांसाठी तसे कायदे झाले. पण ते कायदे झाले ते अंध माणसासाठी आणि त्याच्या वाटाड्या कुत्र्यासाठी. खुर्चीत बसून वावरणाऱ्या बाईच्या हातून पडलेली किल्ली उचलून देणारा कुत्रा कुणाच्या डोक्यात नव्हता, म्हणून तो कायद्यातही नव्हता. आणि पुढे असे कुत्रे आले तेव्हा दारावरचा माणूस म्हणायचा, ‘तुम्हाला तर दिसतंय की.’

*

मॉरिसटाउन हे गाव मराठी माणसाला तसं परकं नाही. शेजारच्या पार्सिपनीत आपली इतकी कुटुंबं आहेत की शनिवारी तिथल्या वाणसामानाच्या दुकानात मराठी कानावर पडतंच. मॉरिसटाउनच्या मधल्या हिरवळीपाशी फ्रँक आणि बडीचा पुतळा आहे. पायरी नाही, चौथरा नाही. दोघं पदपथावरून चालता चालता थबकल्यासारखे उभे आहेत. कामाच्या दिवशी त्याच पदपथांवरून शिक्षक कुत्र्यांना घेऊन फिरवत असतात. तिथल्या बाकावर बसून तासभर पाहत राहिलं की पुस्तकातून कळत नाही ते कळतं.

कुत्र्याच्या छातीला आणि पाठीला चामड्याचा साज असतो आणि त्यातून वर एक ताठ मूठ येते, उलट्या यू आकाराची. दोरी असती तर तिला ढील पडली असती. मूठ ताठ असल्याने कुत्र्याचा खांदा जरा डावीकडे वळला तरी ते माणसाच्या हाताला कळतं. कुत्रा नेहमी डावीकडे. कडेला पदपथ संपला की तो थांबतो. शिक्षक बुटाचं टोक पुढे सरकवून कड चाचपतो, ‘शाबास’ म्हणतो, मग रस्त्याचा कानोसा घेतो आणि ‘फॉरवर्ड’ म्हणून सांगतो. आपल्याला वाटतं की कुत्रा माणसाला घेऊन जातो. खरं तर कुठे जायचं, किती चौक ओलांडायचे, कुठे वळायचं हे सगळं माणसाच्या डोक्यात असतं. सिग्नलचा लाल-हिरवा कुत्रा पाहत नाही. वाहतूक ऐकून निघायचं माणसाने ठरवायचं. कुत्रा खड्डा टाळतो, पायऱ्या दाखवतो, डोक्याला लागेल अशा लोंबत्या फांदीला वळसा घालतो. आणि माणसाने ‘चल’ म्हटलं असताना समोरून गाडी येत असेल, तर हुकूम मोडून जागचा हलत नाही. या हुकूम मोडण्याला त्या धंद्यात ‘इंटेलिजंट डिसओबिडिअन्स’ म्हणतात. शिकवण्यातला सर्वांत अवघड भाग तो. हुकूम पाळायला कुठलाही चांगला कुत्रा शिकतो. कुठला हुकूम पाळायचा नाही हे शिकणारे थोडे.

कुत्रा देण्याआधी माणसाचीही परीक्षा होते. शिक्षक स्वतः साजाचं पुढचं टोक हातात धरून कुत्र्याच्या जागी चालतो आणि अंध माणूस मागे मूठ धरून चालतो. याला ‘जूनो वॉक’ म्हणतात. जूनो म्हणजे नसलेला कुत्रा. माणूस किती भरभर चालतो, किती ओढ त्याला सोसते, त्याचा आवाज चढतो तेव्हा कसा लागतो, हे पाहून त्याला जोडीदार निवडला जातो. म्हणून ही माणसं ‘माझा कुत्रा’ असं क्वचितच म्हणतात. ‘आमची जोडी’ म्हणतात. साज उतरला की कुत्रा घरच्या कुत्र्यासारखा लोळतो, चेंडूमागे पळतो. साज चढला की रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने त्याला हात लावायचा नाही, चुचकारायचं नाही.

पिल्लं पहिलं वर्षभर स्वयंसेवी कुटुंबांत वाढतात, मग शाळेत परत येतात, काही महिने शिकतात. सगळी उत्तीर्ण होत नाहीत. सीइंग आय संस्था पहिल्या कुत्र्यासाठी माणसाकडून १५० डॉलर घेते, पुढच्या प्रत्येकासाठी ५०, आणि माजी सैनिकाकडून फक्त एक डॉलर. खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो. तो देणग्यांतून भागतो. तरी फुकट देत नाहीत, कारण घेणाऱ्याने आपण हे मिळवलं असं म्हणावं, अशी संस्थेची पहिल्यापासूनची भूमिका आहे.

*

१९७५ साली कॅलिफोर्नियात बॉनी बर्गिन यांनी चालू-हलू न शकणाऱ्या माणसांसाठी कुत्रे शिकवायला सुरुवात केली. पडलेली वस्तू उचलणं, दाराला बांधलेली दोरी ओढून दार उघडणं, दिव्याचं बटण नाकाने दाबणं, मोजा ओढून काढणं. अशा कुत्र्याला ‘सर्व्हिस डॉग’ हे नाव पडलं. त्याच दशकात बहिऱ्या माणसांसाठी ‘हिअरिंग डॉग’ आले. दाराची घंटा, बाळाचं रडणं, कुकरची शिट्टी, असा आवाज आला की हा कुत्रा मालकाला पंजाने किंवा नाकाने हलवतो आणि आवाजाच्या जागी घेऊन जातो. ब्रिटनमध्ये शिकवलेला असा कुत्रा आगीचा भोंगा वाजला की मात्र कुठेही घेऊन जात नाही. तो मालकाला हलवून तिथेच आडवा होतो. त्यावरून मालकाला कळतं की हा आवाज पळून जायचा आहे.

नावं वाढली तशी छत्रीसारखं एक मोठं नाव लागलं. कुत्रे शिकवणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘असिस्टन्स डॉग’ हे नाव घेतलं आणि त्याखाली गाइड, हिअरिंग आणि सर्व्हिस अशा तीन जाती ठेवल्या. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातही ‘असिस्टन्स डॉग’ आहे. जपानने २००२ साली यासाठी स्वतंत्र कायदाच केला आणि ‘होजोकेन’ या एका नावाखाली हेच तीन प्रकार घेतले. ऑस्ट्रेलियाच्या १९९२ च्या कायद्यात मात्र फक्त कुत्र्यापुरतं न ठेवता ‘असिस्टन्स ॲनिमल’ म्हटलं आहे. अमेरिकेने उलट केलं. तिथे १९९० च्या अपंग नागरिक कायद्याच्या नियमांत ‘सर्व्हिस ॲनिमल’ हेच सर्वांना झाकणारं नाव झालं. त्यामुळे लंडनचा सर्व्हिस डॉग हा एक प्रकार, आणि न्यूयॉर्कचा सर्व्हिस डॉग म्हणजे सगळेच. दोन्ही देशांतली माणसं एकमेकांशी बोलताना इथेच अडखळतात.

२०१० साली हे नियम पुन्हा लिहिले गेले आणि मार्च २०११ पासून लागू झाले. त्यांत सर्व्हिस ॲनिमल म्हणजे कुत्राच, असं ठरलं. त्यापूर्वी माकडं, पोपट, साप असे सगळे प्राणी त्या नावाखाली दुकानांत शिरू पाहत होते. बोस्टनच्या एका संस्थेने १९७९ पासून मान मोडून चारही हातपाय लुळे झालेल्या माणसांना कापुचिन माकडं शिकवून दिली होती. पाण्याचा पेला तोंडाशी धरणारी, पुस्तकाचं पान उलटणारी. ती घरात उपयोगी होती, पण सार्वजनिक जागेचा हक्क त्यांना मिळाला नाही. अपवाद एकच राहिला: बुटका घोडा. साधारण २४ ते ३४ इंच उंचीचा आणि ७० ते १०० पौंड वजनाचा. कुत्र्यापेक्षा तो पुष्कळ जास्त वर्षं जगतो. ज्याला कुत्र्याची ॲलर्जी आहे किंवा ज्याच्या धर्माला कुत्रा वर्ज्य आहे, त्याचीही सोय होते. जागा असेल आणि तो घाण करत नसेल, तर त्यालाही आत घ्यावं लागतं.

*

आता थेरपी आणि भावनिक आधाराच्या दुसऱ्या डहाळीकडे येऊ, जिथून सगळा गोंधळ सुरू झाला.

बोरिस लेव्हिन्सन हे न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे एक न बोलणारा मुलगा ठरल्या वेळेआधीच आला. खोलीत त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा होता. एरवी तो पेशंटसमोर नसायचा. मुलगा त्याला कुरवाळायला लागला आणि पुढे त्याच्याशी बोलायला लागला. लेव्हिन्सन यांनी यावर १९६२ साली शोधनिबंध लिहिला आणि कुत्र्याला सहउपचारक म्हटलं. आज ‘थेरपी डॉग’ म्हणतात तो याच वंशातला. मुंबई-पुण्यात मीनल कविश्वर यांच्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनने विशेष मुलांसोबत हे काम बरीच वर्षं केलं आहे. हा कुत्रा आपल्या मालकाचा भार उचलत नाही. मालक त्याला घेऊन दुसऱ्यांकडे जातो, रुग्णालयात, शाळेत, वृद्धाश्रमात, आणि जातो तो बोलावलं तरच. त्याला हॉटेलात शिरायचा वेगळा हक्क अमेरिकेच्या अपंग नागरिक कायद्यात नाही, आणि तो मागायचं कारणही नाही.

तिसरं नाव ‘इमोशनल सपोर्ट ॲनिमल’. हा प्राणी आपल्याच माणसाजवळ असतो, त्याच्या असण्याने माणसाला बरं वाटतं, पण त्याला काही विशेष शिकवलेलं नसतं. अमेरिकेच्या घरभाड्याच्या कायद्यात या प्राण्याला जागा आहे आणि ती असायलाच हवी असं मला वाटतं. एकट्या राहणाऱ्या, खचलेल्या माणसाची मांजर घरमालकाने ‘पाळीव प्राणी चालणार नाहीत’ म्हणून हाकलावी, हा अन्याय आहे. घर ही त्याची स्वतःची जागा. तिथे मांजराने काही शिकलेलं असण्याची गरज नाही.

घोळ झाला तो विमानात. विमानप्रवासाचा कायदा वेगळा, १९८६ चा, आणि त्याच्या नियमांत भावनिक आधाराचे प्राणीही केबिनमध्ये चालत. डॉक्टरचं पत्र लागायचं. पत्रं विकणारी संकेतस्थळं निघाली, जाकिटं आणि ओळखपत्रं घरपोच मिळू लागली. अमेरिकी सरकारची अशी कुठलीही नोंदवही नाही, तरी ‘नोंदणीकृत’ असा शिक्का मारून ती विकली गेली. पाळीव कुत्र्याचं भाडं वाचावं म्हणून लोक घेऊ लागले. विमान कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार असे प्राणी २०१६ साली ४ लाख ८१ हजार होते, २०१७ साली ७ लाख ५१ हजार. जानेवारी २०१८ मध्ये न्यूअर्क विमानतळावर एका प्रवाशाने भावनिक आधारासाठी मोर आणला. विमान कंपनीने नकार दिला. ती बातमी जगभर हसण्यावारी गेली. अंध प्रवाशांना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. न शिकलेला कुत्रा चिंचोळ्या जागेत घाबरतो, गुरगुरतो, शेजारच्या कुत्र्यावर धावून जातो. एकदा चावा बसला की वाटाड्या कुत्र्याचा धीर सुटतो. पुन्हा कुत्रा दिसला की तो काम सोडून त्याच्याकडे पाहत राहतो. कधी कधी त्याला कायमचं कामावरून काढावं लागतं. त्याच्या माणसाला मग पुन्हा काठी, पुन्हा प्रतीक्षायादी.

११ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला. विमानात आता शिकवलेला कुत्राच सर्व्हिस ॲनिमल धरला जातो, आणि त्याच्या तब्येतीचा, वागणुकीचा, शिक्षणाचा ठरावीक नमुन्यातला कागद कंपनी मागू शकते. फसवणाऱ्यांच्या पापाचा हा कागद आता खऱ्याखुऱ्या गरजवंतांना भरावा लागतो.

याच नियमाने एक चांगली गोष्टही केली. मनाच्या आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्याला बाकीच्या कुत्र्यांच्या ओळीत बसवलं. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या एखाद्या सैनिकाचा कुत्रा त्याला दुःस्वप्नातून जागं करतो, दिवा लावतो, गर्दीत त्याच्यामागे उभा राहून लोकांना अंतरावर ठेवतो, झटका येतोय हे ओळखून त्याला बाहेर काढतो. हे काम आहे. त्याच सैनिकाचा न शिकवलेला कुत्रा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून बसला आणि त्याला शांत वाटलं, तर तो आधार आहे. दोन्ही खरे आहेत, दोन्हींची गरज खरी आहे. पण हॉटेलच्या दारात पहिला आत जातो आणि दुसरा बाहेर थांबतो. ही रेषा कठोर आहे हे मी मान्य करते. तरी दुसरी कुठली रेषा आखली असती तर वाटाड्या कुत्र्यांचं विमानतळावरचं आयुष्य आणखी कठीण झालं असतं.

शाळेच्या दाराचा निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मिशिगन राज्यातल्या एका लहान मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. तिच्याकडे वंडर नावाचा कुत्रा आला. पडलेली वस्तू उचलून देणं, दारं उघडणं, कोट काढायला मदत, संडासात खुर्चीवरून सरकताना आधार, ही त्याची कामं. शाळेने सांगितलं, हिला मदतीला बाई दिलेली आहे, कुत्रा कशाला? थोडे दिवस त्याला येऊ दिलं तेही वर्गाच्या मागच्या टोकाला बसवून, म्हणजे मुलीपासून लांब. आईवडिलांनी दावा लावला. शाळेचं म्हणणं, हा शिक्षणाचा प्रश्न आहे, आधी शिक्षण खात्याच्या सगळ्या पायऱ्या चढा. फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स या खटल्यात २२ फेब्रुवारी २०१७ रोजी न्यायालयाने एकमताने मुलीच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकालात एक कसोटी घातली, ती मला फार आवडते. हीच तक्रार ही मुलगी सार्वजनिक वाचनालयाविरुद्ध करू शकली असती का? किंवा शाळेत आलेली एखादी मोठी व्यक्ती करू शकली असती का? उत्तर हो असेल, तर प्रश्न अभ्यासाचा नाही, दारात अडवण्याचा आहे.

मदतीला बाई दिली होती, यात वावगं काय, असं आपल्यापैकी अनेकांना वाटेल. आपल्याकडे घरात कुणी ना कुणी असतंच हात धरायला. पण लहान मुलीला संडासात कुणाची बाई लागते आणि कुणाचा कुत्रा पुरतो, यात फरक आहे. कुत्र्यासमोर लाज वाटत नाही. आणि कुत्र्याची सुट्टी नसते, त्याची बदली होत नाही.

*

पुण्यात आमच्या ओळखीचे एक काका आहेत. बँकेतून निवृत्त झाले, जन्मापासून अंध, कोथरूड ते लक्ष्मी रोड पांढऱ्या काठीवर एकटे जातात. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, ‘अगं, हे सगळं तिथे चालतं कारण तिथे पदपथाला कड आहे. तुझा तो कुत्रा कडेपाशी थांबतो म्हणालीस. आपल्याकडे पदपथ आहे तिथे दुचाक्या लावलेल्या, नाही तिथे थेट नाला. तो बिचारा मला रस्त्याच्या मधोमध नेऊन उभा करेल. आणि आमच्या गल्लीतली कुत्री त्याला पहिल्या दिवशीच फाडून खातील.’

हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. भारतात वाटाड्या कुत्रा घेऊन वावरणारी माणसं आजही फार थोडी असण्यामागे पैशापेक्षा रस्ता आणि भटकी कुत्री ही कारणं मोठी आहेत. पण तिसरं कारण कागदावरचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली. त्याच्या विसाव्या कलमात हालचालीसाठी साधनांबरोबर ‘सजीव साहाय्या’चाही उल्लेख आहे. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्याच कराराला धरून झाला. त्यात २१ प्रकारचं अपंगत्व आलं, काळजीवाहकाची व्याख्या आली, सार्वजनिक इमारतीची आली. मदतनीस प्राण्याची व्याख्या नाही. त्यामुळे उद्या कुणी असा कुत्रा घेऊन पुण्याच्या सोसायटीत राहायला गेलं आणि लिफ्टवरून भांडण झालं, तर त्याला हाताशी काय मिळतं? भारतीय पशुकल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक. सोसायटीने पाळीव प्राण्यांवर बंदी घालू नये, असं सांगणारं. म्हणजे अपंग माणसाचा हक्क त्याला कुत्र्याच्या हक्काच्या आडून मागावा लागतो. रेल्वेत तर पाळीव कुत्रा म्हणजे एसी फर्स्टचा पूर्ण कूपे नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी, हाच नियम ऐकायला मिळतो. फ्रँकने ज्या सामानाच्या डब्याशी झगडा मांडला तो हाच.

आपल्या वर्तमानपत्रांत पोलिसांचा असतो तो श्वान आणि गल्लीतला असतो तो भटका कुत्रा. मधलं कुठलं नाव नाही. ‘मार्गदर्शक श्वान’ असं कुणी लिहितं तेव्हा पोलीस पथकाची आठवण होते. मला ‘वाटाड्या कुत्रा’ हे नाव आवडतं, म्हणून या लेखात तेच वापरलं आहे. डोंगरात वाट दाखवणाऱ्याला आपण वाटाड्या म्हणतोच. बाकीच्या कामकरी कुत्र्यांना ‘मदतनीस कुत्रा’ म्हणावं, वॉर्डात जाणाऱ्याला ‘उपचार-कुत्रा’, आणि घरातल्या सोबत्याला ‘आधाराचा प्राणी’. नावं कुठलीही ठेवा, फक्त सरकारी आदेशात ती वेगळी ठेवा. चारही एका ओळीत ‘साहाय्यक प्राणी’ म्हणून लिहिली, तर दहा वर्षांत आपल्याही विमानतळांवर जाकिटांचा बाजार भरेल आणि मग कठोर नियमांचा फटका काठीवाल्यालाच बसेल.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र कल्याण विभाग केला. आयुक्तालय पुण्यातच आहे. राज्याच्या बसगाड्या, रुग्णालयं, शाळा, नाट्यगृहं यांच्यापुरता आदेश काढायला त्यांना दिल्लीची वाट पाहण्याचं कारण दिसत नाही. आदेशात कुत्र्याने शिकलेल्या कामावरून व्याख्या करावी, अंगातल्या जाकिटावरून नाही. जपानमध्ये कुत्र्याला नेमलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, अमेरिकेत विमान सोडलं तर कुठलाच कागद लागत नाही. आपल्याकडे आज असे कुत्रे शिकवणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नाहीत, तेव्हा जपानसारखी अट घातली तर ती अट म्हणजेच बंदी ठरेल. युडीआयडी हे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र माणसाकडे असतंच. त्यावर दुसरं कार्ड लादू नये. दारातले ते दोन प्रश्न तेवढे मराठीत उतरवून सुरक्षारक्षकांच्या प्रशिक्षणात घालावेत.

काकांना हा मसुदा वाचून दाखवला. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, रिक्षाही त्यात घाला, कारण बसपेक्षा रिक्षावालाच आधी नाही म्हणतो. आणि दुसरी, कुत्र्याला बाहेर काढायची वेळ आली तर माणसाला आत बसू द्यायचं, हे वाक्य अमेरिकेच्या नियमात आहे तसंच्या तसं ठेवा, गाळू नका.